नारळीकर कुठून सुरू करायचे?

गंगाधरपंत मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात बसले आहेत. पुढ्यात त्यांनी स्वतःच लिहिलेल्या भारताच्या इतिहासाचे पाच खंड आहेत. बाहेरची मुंबई मात्र त्यांच्या ओळखीची नाही. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून पाय रोवून आहे. म्हणजे इतिहासाने कुठेतरी वेगळी वाट धरली. पण कुठे? पंत पहिला खंड चाळतात. अशोकापर्यंत सगळं ठीक. दुसरा समुद्रगुप्तापर्यंत, तिसरा महंमद घोरीपर्यंत, चौथा औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. चारही खंड जसेच्या तसे. गडबड आहे ती पाचव्यात. मग पंत पाचवा खंड दोन्ही टोकांकडून वाचत आत सरकतात, आणि ही दोन वाचनं जिथे मिळतात तिथे पानिपत असतं. १४ जानेवारी १७६१. त्या पानावर विश्वासराव पडलेले नाहीत आणि मराठे जिंकले आहेत.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला हा प्रसंग. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ही कथा घेतली गेली, त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या मुलांनाही ती ठाऊक आहे. लोकांच्या लक्षात राहतं ते पर्यायी पानिपत आणि आझाद मैदानावर पंतांची उडालेली फजिती. मला मात्र त्या वाचनालयातल्या वाचनाचं अप्रूप वाटतं. पंत ग्रंथ नेहमीच्या क्रमाने वाचत नाहीत. आधी सारखं आणि नंतर निराळं असेल, तर सांधा मधे कुठेतरी असणारच, एवढं साधं तर्कशास्त्र त्यांनी वापरलं आहे. याच कल्पनेवर संगणकात शोध घेण्याची एक मूलभूत रीत उभी आहे. समजा खंड पाचशे पानांचा आहे. मधलं पान उघडा. तिथपर्यंत सगळं ओळखीचं असेल तर पहिला अर्धा सोडून द्या, नसेल तर दुसरा. उरलेल्याचं पुन्हा मधलं पान. असं नऊ वेळा केलं की पाचशे बारा पानांतलंही हवं ते एक पान हाती येतं. पाचशे पानं आणि नऊ नजरा! वाचण्याचा क्रम बदलला की काय हाती लागतं तेही बदलतं, ही गोष्ट नारळीकरांनी कथेच्या पोटात अशी सहज ठेवून दिली आहे.

विज्ञानकथेच्या वाचकाला हा क्रमाचा प्रश्न इतर कुणाहूनही जास्त छळतो. कादंबरीचे तीन भाग असतील तर एक, दोन, तीन असे वाचावेत. त्यात विचार कसला करायचा? पण विज्ञानकथेची मालिका तीस-चाळीस वर्षं चालते, लेखक मधेच शंभर वर्षं मागे जातो, कधी वीस हजार वर्षं पुढे. मग कपाटापुढे उभा राहिलेला वाचक गोंधळतो. आधी कोणतं घ्यायचं?

याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’चं. कल्पना अशी: एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा वायू कसा वागेल ते गणिताने सांगता येतं. मग अब्जावधी माणसांचा समाज कसा वागेल, तेही का सांगता येऊ नये? हॅरी सेल्डन नावाचा गणिती हे शास्त्र उभं करतो आणि आकाशगंगेभर पसरलेलं साम्राज्य कोसळणार हे आधीच जाणून त्यावर उपाय योजतो. या कथा १९४२ ते १९५० या काळात मासिकातून येत गेल्या. त्यांची पुस्तकं १९५१, १९५२ आणि १९५३ साली निघाली. पुढे जवळजवळ तीस वर्षं मालिका थंड. मग १९८२ साली असिमोव्हने ती पुन्हा उघडली, १९८६ साली पुढे नेली, आणि १९८८ साली एकदम मागे वळून तरुण सेल्डनची गोष्ट सांगितली. तिचा पुढचा भाग असिमोव्ह गेल्यावर, १९९३ साली आला. मधल्या काळात यंत्रमानवांच्या कथा आणि साम्राज्याच्या कादंबऱ्या, ज्या मुळात स्वतंत्र होत्या, त्याही त्याने याच धाग्यात ओवल्या.

आता क्रम किती झाले पाहा. कथेतल्या काळाचा एक. खुद्द असिमोव्हने १९८८च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्या क्रमाची यादी दिली आहे. पुस्तकं छापली गेली त्याचा दुसरा. आणि मासिकात लिहिल्याचा तिसरा, जो या दोघांशीही जुळत नाही. कारण पहिल्या पुस्तकाचं जे पहिलं प्रकरण आहे, ज्यात सेल्डन आपल्याला भेटतो, ते त्या तीन पुस्तकांतलं सर्वांत शेवटी लिहिलेलं आहे! मासिकातल्या कथा जमवून पुस्तक करायचं ठरलं तेव्हा दार म्हणून ते मुद्दाम लिहिलं गेलं.

मी छापल्याच्या क्रमाचा माणूस आहे, आणि याचं कारण सेल्डनच आहे. जुन्या पुस्तकांत तो लवकरच मरतो. नंतर तो फक्त आधीच चित्रित करून ठेवलेल्या संदेशांतून प्रकट होतो, अनेक दशकांच्या अंतराने, आणि बहुतेक वेळा त्याचं भाकीत खरं ठरलेलं असतं. या माणसाबद्दल आपल्याला जवळजवळ काही माहीत नसतं, म्हणूनच दरारा वाटतो. कथेच्या काळाप्रमाणे १९८८चं पुस्तक आधी वाचलं, तर तो बिचारा जीव वाचवत पळणारा तरुण म्हणून आधी भेटतो. मग तो दरारा पुढे येईल कुठून?

ज्यूल व्हर्नच्या बाबतीत तर क्रम चुकला की रहस्यच फुटतं. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या घरातला लेखक झाला. त्याचा कॅप्टन नेमो १८७०च्या कादंबरीत समुद्राखाली भटकतो आणि आपण कोण ते कुणाला सांगत नाही. पाच वर्षांनी आलेल्या बेटाच्या कादंबरीत उलगडतं की हा बुंदेलखंडचा राजपुत्र, इंग्रजांविरुद्ध लढलेला. आपल्याकडच्या वाचकाच्या अंगावर तिथे काटा येतो. गंमत म्हणजे दोन पुस्तकांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. कथेच्या काळाप्रमाणे लावायला जावं तर नेमो दोन ठिकाणी एकदमच आहे असं निघतं. म्हणजे इथे कथेतल्या काळाचा क्रम चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही, कारण तो क्रम लागतच नाही.

आता आपल्या घरच्या लेखकाकडे येऊ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे कोल्हापूरचे. केंब्रिजला शिकले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. आई सुमती हुजूरबाजारांच्या घरातल्या. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे जयंतरावांचे मामा, तेही कोल्हापूरचेच. नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. त्याला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यांत नाही, आणि कोल्हापूरकरांना याची रुखरुख वाटते. पण ते आत्मचरित्र वाचताना कोल्हापूर एका वेगळ्याच वाटेने आत येतं. बनारसच्या घरी मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला राहिले होते. घरात भिंतीवर फळे होते. मोरूमामा त्यातल्या एकावर जेव्हीएनसाठी आव्हान म्हणून गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवायचे आणि भाचा ते सोडवीपर्यंत पुसायचे नाहीत.

जेव्हीएन ही आद्याक्षरं लक्षात ठेवा.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. असा कुणी माणूस नव्हता. पद्मभूषण मिळालेल्या, केंब्रिजमधले आपले गुरू हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेल्या शास्त्रज्ञाच्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी वाचली आणि त्यांतून एक लेखक तयार केला. जे, व्ही, एन. एन, व्ही, जे. मराठीतल्या एका मोठ्या विज्ञानकथा-प्रवासाचा आरंभच असा उलट्या क्रमाने झाला. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. ४६ वर्षांनी, २०२१च्या नाशिकच्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर स्वतःच होते. शास्त्रज्ञ अध्यक्ष होतो, यात त्या एका कथेचा वाटा फार मोठा आहे.

‘कृष्णविवर’चा कणा म्हणजे प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो हे आइनस्टाइनचं तत्त्व. ऐकायला हे दूरचं वाटतं, पण रंकाळ्यावरून अंबाबाईच्या देवळाकडे जाताना फोनवर नकाशा लावला की त्याच तत्त्वाशी गाठ पडते. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं पृथ्वीच्या गुरुत्वापासून लांब असल्याने रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. राहिलेले ३८ मायक्रोसेकंद दुरुस्त केले नाहीत, तर एका दिवसात नकाशा दहा-अकरा किलोमीटरनी चुकेल. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग! कृष्णविवराशेजारी हाच फरक वर्षांचा, शतकांचा होतो. दोन माणसांच्या आयुष्यात घटनांचा क्रम सारखा राहतो, पण पानं उलटण्याचा वेग निराळा होतो. म्हणून पहिली वाचायची ती हीच कथा. ती लेखकाची पहिली आहे हे तर खरंच. शिवाय काळाकडे पाहायची त्याची नजर इथेच तयार होते.

‘कृष्णविवर’ ज्या संग्रहात आहे तो ‘यक्षांची देणगी’ १९७९ साली आला. माझ्या मते मराठी विज्ञानकथेचं प्रवेशद्वार हेच. त्यातल्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’साठी आधी हाताने थोडं काम करा. बोटभर रुंदीची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकाला चिकटवा. या पट्टीचा शोध १८५८चा, मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितींनी स्वतंत्रपणे लावलेला. आता पट्टीवर उजव्या पंजाची छोटी आकृती काढा आणि तीच आकृती किंचित पुढे, पुन्हा किंचित पुढे अशी काढत पट्टीभर एक फेरी मारा. सुरुवातीच्या जागी परत याल तेव्हा पंजा डावा झालेला असेल. कुठेही आकृती उलटी काढलेली नाही, आरसा नाही, तरी उजव्याचं डावं झालं! चपट्या पट्टीवर राहणाऱ्या किड्याला हा चमत्कारच वाटेल. आपल्याला तो कळतो, कारण तिसरी मिती आपल्या हातात आहे. मग चौथ्या मितीतून असाच पीळ घेऊन कुणी परत आलं तर? नारळीकरांनी हा प्रश्न क्रिकेटच्या मैदानात आणि गणपतीच्या मूर्तीत नेला. उजवा गोलंदाज डावखुरा होतो, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. जिथे मराठी माणसाचा जीव गुंतलेला, तिथेच त्यांनी भूमिती आणून ठेवली.

या कथेला आणखी एक अस्तर आहे, आणि तेही सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, तर पेशी वापरतात ती साखर उजव्या वळणाची. माणूस खरोखर आरशातल्यासारखा उलटा झाला, तर समोर भरलेलं ताट असूनही त्याच्या शरीराला त्यातलं बरंच अन्न वापरता येणार नाही. पृथ्वीवरच्या सगळ्या जिवांनी हेच वळण का निवडलं, याचं पक्कं उत्तर आजही हाती नाही.

त्यानंतर ‘धूमकेतू’. कोलकात्याच्या दत्तांनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. एकीकडे शास्त्रज्ञ गुपचूप त्याला वळवण्याची तयारी करतात, दुसरीकडे घरात अरिष्ट टाळण्यासाठी यज्ञ होतो. संकट टळतं. आता श्रेय कुणाचं? कथेचा डंख तिथे आहे. ही कथा वाचली की लगेच आजच्या काळात उडी मारावी. भारतीय वेळेप्रमाणे २७ सप्टेंबर २०२२च्या पहाटे नासाचं डार्ट हे यान सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फोस नावाच्या धोंड्यावर, पृथ्वीपासून सुमारे १.१ कोटी किलोमीटरवर, सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने मुद्दाम आदळवलं गेलं. तो धोंडा आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. टक्करीनंतर तो ११ तास २३ मिनिटांत फिरू लागला. आकाशातल्या एका गोलकाची वाट माणसाने पहिल्यांदाच हेतुपुरस्सर बदलली. कथा कितीतरी आधी लिहिलेली होती. लिहिल्याच्या क्रमाने वाचलं की असं काहीतरी पदरात पडतं: कोणती कल्पना कोणत्या काळात केवळ कल्पना होती आणि ती बातमी कधी झाली, हे दिसत जातं.

संग्रहानंतर कादंबऱ्या. ‘प्रेषित’ १९८३ची, दुसऱ्या ताऱ्याकडच्या बुद्धिमान जिवांचा शोध घेणारी. ‘अंतराळातील भस्मासुर’ १९८५ची. ‘वामन परत न आला’ १९८६ची. हिच्यात जमिनीखाली सापडलेल्या ठेव्यातून आपल्याहून पुढारलेल्या, पण नाहीशा झालेल्या संस्कृतीचं ज्ञान हाती येतं आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. आपलं भविष्य कुणाच्या तरी भूतकाळात घडून गेलेलं आहे, हा विचार आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत वाचताना जास्त बोचतो. १९९६ची ‘व्हायरस’ येते तोवर संगणक कचेऱ्यांतून घरांकडे निघाला होता. या चार पुस्तकांत एकच कथानक पुढे जात नाही, पात्रंही वेगळी आहेत. म्हणून काही वाचक म्हणतील की नारळीकरांची मालिका कुठे आहे, कुठलंही पुस्तक आधी घ्या. मला हे पटत नाही. कथानक सलग नसलं तरी विचार सलग आहे.

या विचाराच्या मुळाशी एक अचाट गोष्ट आहे. नारळीकरांच्या विश्वाला पहिलं पानच नव्हतं.

हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे एकंदर चेहरामोहरा सदैव तोच. नारळीकर केंब्रिजला हॉइलचे विद्यार्थी झाले आणि या कल्पनेला गणिताचा आधार देण्यात त्यांनी आपली उमेदीची वर्षं घातली. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांना सापडलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण बहुतेक शास्त्रज्ञांना महास्फोटाची खूण वाटलं, आणि बहुमत तिकडे गेलं. १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला, हेच चित्र आज शास्त्रज्ञांची मोठी बहुसंख्या मानते. नारळीकरांनी मात्र १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारलेला सिद्धांत मांडला, ज्यात विश्व आकुंचन-प्रसरणाच्या आवर्तनांतून जातं आणि आरंभाचा असा क्षण उरत नाही. ते अल्पमतात राहिले आणि न डगमगता राहिले. वैज्ञानिक मतभेद असा सभ्यपणे, आकडे हातात घेऊन आयुष्यभर कसा चालवावा, याचा तो धडा आहे.

आणि खरं सांगायचं तर आकाशही आपल्याला क्रमाने वाचू देत नाही. हिवाळ्यात पन्हाळ्याच्या अंधारात वर पाहा. व्याधाचा प्रकाश सुमारे साडेआठ वर्षांपूर्वीचा. रोहिणीचा ६५ वर्षांपूर्वीचा. तिच्याशेजारच्या कृत्तिकांचा सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा. तो निघाला तेव्हा शिवजन्माला अजून अवकाश होता. आणि उत्तरेकडे देवयानी तारकासमूहातला तो पुसट धुरकट ठिपका, देवयानी दीर्घिका, तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. हे सगळं एकाच नजरेत, एकाच क्षणी. खगोलशास्त्रज्ञाचं कामच मुळी असं: वेगवेगळ्या काळांतली पानं एकत्र विस्कटून समोर येतात, आणि त्यांचा क्रम त्याला लावायचा असतो. ज्याने हे दिवसभर केलं, त्याच्या कथांत काळ वाकतो, वळतो, आरशात पडतो, यात नवल कसलं?

हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंमधून येत असावीत. नारळीकरांनी ते तपासायला घेतलं. जानेवारी २००१मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले गेले. २००५ साली दुसरा फुगा गेला. त्या दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचं २००९ साली जाहीर झालं. एकीला नाव दिलं इस्रोचं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला हॉइलचं, जॅनिबॅक्टर हॉयली. हे जीव खालून वर गेले की बाहेरून आले, याचा निकाल त्या प्रयोगाने लागला नाही. पण परग्रहावरच्या जीवसृष्टीची कथा लिहिणारा माणूस स्वतः फुगा सोडून तिच्या मागावर जातो, हे वाचून आजही ऊर भरून येतो. म्हणूनच ‘आकाशाशी जडले नाते’ हे त्यांचं खगोलशास्त्राचं पुस्तक कादंबऱ्यांनंतर वाचावं. कथांनी पाडलेले प्रश्न तिथे जमिनीवर येतात.

आत्मचरित्र सर्वांत शेवटी. आयुष्याच्या क्रमाने ते आधी यायला हवं, पण सेल्डनचीच गोष्ट इथे लागू होते. कथा आधी वाचलेल्या असल्या, म्हणजे मोरूमामांच्या फळ्यावरची ती आद्याक्षरं दिसताच नारायण विनायक जगताप आठवतो. उलट दिशेने वाचणाऱ्याला ती नुसतीच आद्याक्षरं. आत्मचरित्र संपलं की मग गंगाधरपंतांकडे परत या आणि ती कथा दुसऱ्यांदा वाचा. आता दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत.

मुलांसाठी माझा क्रम थोडा निराळा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला थेट ‘कृष्णविवर’ देऊ नका. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्या, आणि सोबत कात्री, प्लास्टिकची पट्टी आणि चिकटपट्टी द्या. पुढचं त्याचं तो बघेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. ८६ वर्षांचे होते. त्यांच्या कथा वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेल्या आहेत, आणि लिहिल्याच्या क्रमाने वाचायचं म्हटलं तर वाचकालाच कपाटं धुंडाळावी लागतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. कोल्हापूरने पिढ्यान्‌पिढ्या तिथून पुस्तकं बदलून नेली आहेत. या गावात जन्मलेल्या लेखकाचं एक कपाट इथल्या वाचनालयांत लिहिल्याच्या क्रमाने लावलेलं असावं, पहिल्या फळीवर ‘यक्षांची देणगी’ आणि शेवटच्या फळीवर ‘चार नगरांतले माझे विश्व’. आणि मराठी प्रकाशकांना कळकळीची विनंती: नारळीकरांच्या सगळ्या विज्ञानकथा एकत्र छापा, लिहिल्याच्या क्रमाने छापा, आणि प्रत्येक कथेखाली ती पहिल्यांदा कुठे व कोणत्या साली आली तेवढी एक ओळ द्या.